तिसऱ्या रांगेतलं हसू

फिलोमिना इआनुझी विनोद पुरा व्हायच्या आधीच हसायची. विनोद अजून उंबऱ्याशी असायचा, तोवर ही पुढे होऊन, हाताला धरून त्याला आत घेऊन यायची. आधी किटलीच्या शिट्टीसारखा बारीक आवाज, मग जिन्यावरून बटाट्यांचं पोतं सुटावं तसा गडगडाट. बटाटे शेवटच्या पायरीला पोचले की एक छोटीशी उचकी. मग चेहरा असा शांत, की हसली ती कुणी दुसरीच.

स्टेटन आयलंडवरच्या एका चर्चच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं पोरांना दुपारचं जेवण वाढलं. तिचं हसू दुसऱ्या मजल्यावर ऐकू आलं, की सिस्टर लोक घड्याळ न बघता म्हणायच्या, जेवणाची सुट्टी झाली. तिचा नवरा साल नळदुरुस्तीचं काम करायचा. त्यानं तिला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. सालच्या अंत्यविधीला फादरनी त्याची एक आठवण सांगितली. चर्चचा नळ दुरुस्त करताना त्यानं सगळं तळघर पवित्र पाण्यानं भरून टाकलं होतं, ती. तेव्हा काळ्या टोपीखालून पहिलं हसू आलं ते विधवेचंच. मग सगळं चर्च हसलं. तिची थोरली बहीण कॉनी तेवढी समोर बघत बसली.

साल गेल्यावर चर्चच्या बायकांनी तिला ओढून मॅनहॅटनमध्ये एका टीव्ही कार्यक्रमाला नेलं. कार्यक्रमाचं नाव 'माफ करा, पण'. त्यात माफी कुणी मागत नसे, सगळा 'पण'च असे. रॉय हॅलिगन नावाचा एक लांबोडका, मूळचा इंडियानाचा माणूस टेबलामागे बसून आठवड्याच्या बातम्यांची सालं काढायचा. महापौर, प्राध्यापक, सिनेमातली माणसं, कागदी नळ्यांनी सरबत पिऊन जग वाचवणारे, कुणालाही सोडायचा नाही. फिलोमिनाला हे सगळं मानवण्यासारखंच होतं. तिचं राजकारण तीन वाक्यांचं: कर कमी असावेत, पोरांनी मोठ्यांपुढे टोपी काढावी, आणि चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत गिटार नको.

पहिल्याच दिवशी ती इतकी आधी हसली की हॅलिगन थांबला.

"बाई, माझं अजून संपलं नाही."

"मग संपवा की लवकर," ती तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

त्या शुक्रवारपासून तिसऱ्या रांगेतली पाचवी खुर्ची तिची झाली. बरोबर वर माइक लोंबत असे. चित्रीकरणाआधी प्रेक्षकांना गोष्टी सांगून मोकळं करणारा मर्व्ह नावाचा टकलू गृहस्थ होता. तो स्वतः तिला हाताला धरून बसवायचा. आठ वर्षं झाली. एकदा मर्व्हनं तिच्या हातात एका हॉटेलातल्या जेवणाचं कूपन ठेवलं, तर तिनं ते त्याच्याच खिशात परत घातलं.

"हे घेतलं तर पुढच्या वेळी मला हसावं लागेल. आत्ता मी फक्त हसते."

तिचा नियम एकच. विनोद आपल्या बाजूचा आहे म्हणून हसायचं नाही. हसू आलं तर हसायचं. हॅलिगनचे निम्मे विनोद ती हात मांडीवर ठेवून, मिस्सेत बसल्यासारखी ऐकून घ्यायची. त्यामुळे विनोद लिहिणारी माणसं तिला टरकून असत. दीडशे माणसं हसली तरी लेखकांच्या खोलीत तिच्या लाडक्या नावानं विचारलं जायचं, "मिना हसली का?" हसू देवानं दिलंय, असं ती मानायची. त्यात भेसळ करायची नाही.

घरी मात्र हसण्याचा हिशेब वर द्यावा लागे.

वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात खाली फिलोमिना आणि वर कॉनी राहायची. कॉनी चार वर्षांनी मोठी. टेलिफोन कंपनीत जन्म काढलेली, युनियनची माणूस, लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "संप चालू होता." निवडणुकीत अंगणाच्या डाव्या बाजूला तिच्या पक्षाची पाटी, उजव्या बाजूला मिनाच्या. मधे वडिलांचं अंजिराचं झाड. थंडीत त्याला जुनी घोंगडी गुंडाळायचं काम मात्र दोघी मिळून करत. तेवढा एक तास राजकारण बंद.

कॉनी 'माफ करा, पण' न चुकता बघायची. "शत्रूच्या गोटात काय शिजतंय ते कळलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. शुक्रवारी चित्रित झालेला कार्यक्रम शनिवारी सात वाजता लागायचा. टीव्हीतून मिनाचं हसू आलं की वरून फरशीवर टाच आपटे. एक टाच म्हणजे 'मूर्ख'. दोन टाचा म्हणजे मात्र 'वर ये, जेवण तयार आहे'. रविवारी मिस्सेला जाताना हिशेब व्हायचा.

"काल नऊ वेळा हसलीस. त्यातलं तीन वेळा हसण्यासारखं होतं."

"तीन होतं ना? मग तू का नाही हसलीस?"

"मी त्या माणसाला ते समाधान देणार नाही."

तर असं बरं चाललं होतं, आणि मधे टर्की आले.

बेटाच्या त्या बाजूला रानटी टर्की पक्षी फार. रस्त्याच्या मधोमध कळपानं उभे राहतात, गाडीनं हॉर्न वाजवला तर उलट तेच ओरडतात. लोकांना त्यांचा उच्छाद नको होता, त्यांना दूर कुठेतरी नेऊन सोडावं असं पत्र पालिकेला गेलं होतं. कॉनीला ते मंजूर नव्हतं. पक्षी सगळ्यांना प्रत्यक्ष दिसावेत म्हणून सभा मैदानातच भरली. कॉनी आईचा निळा कोट घालून, कागद घेऊन माइकसमोर उभी राहिली. पुढे काय झालं ते तिनं धाकटीला एवढंच सांगितलं, "भाषणात व्यत्यय आला."

शेजारच्या मिसेस ओडॉउडनं मोबाइलवर सभेची फिल्म पुढे केली, तेव्हा फिलोमिनानं डोळे मिटून घेतले. कॉनीनं तिच्याकडून न पाहण्याचं वचन घेतलं होतं. पण आख्खं शहर ते पाहत होतं, एवढं तिला कळलं. बुधवारी वाण्याकडे एक अनोळखी माणूस कॉनीकडे बघून टर्कीसारखा 'गडगडगड' ओरडला. कॉनी पाव न घेताच परत आली. तिनं उत्तर दिलं नाही, हे फिलोमिनाला त्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी कॉनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

"तो हॅलिगन ते दाखवणार."

"कशावरून?"

"त्याच्या जागी मी असते तर मी दाखवलं असतं. मिना, सगळं जग हसू दे. मला जगाचं काही नाही. पण त्यात तुझा आवाज आला, तर हा जिना पुन्हा चढायचा नाही."

"मग मी उद्या जातच नाही."

"घरी राहिलीस तर त्याचा अर्थ कळतो मला. तुला हसू येणार अशी तुझी खात्री आहे."

"अगं, मग करू तरी काय?"

"जा, बस, आणि हसू नकोस. लोकांना जमतं ते. मला सत्तर वर्षं जमलंय."

शुक्रवारी मॅनहॅटनच्या बोटीत फिलोमिनानं रोझरीची जपमाळ काढली. शुक्रवारी जपायची ती ख्रिस्ताच्या यातनांची, दुःखाची रहस्यं होती, ते एक बरं झालं. तिनं ती दोनदा म्हटली. मग संत अँथनीकडे वळली. हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. चष्मा, किल्ल्या, एकदा तर सालचे वरचे दात, सगळं त्यानं तिला शोधून दिलं होतं. आज तिनं उलटी विनंती केली. "बाबा, आजवर कितीदा काय काय शोधून दिलंस. आज एवढं एक हरवून टाक. ती फिल्म तरी, नाहीतर माझं हसू तरी. एका दिवसापुरतं."

"मर्व्ह, आज मागे बसते," ती स्टुडिओत पोचल्याबरोबर म्हणाली.

"मागे? मागे कशाला? तब्येत बरी आहे ना?"

"घशाला खरखर आहे."

"खोकल्याची गोळी देतो. हे बघ मिना, तू मागे बसलीस तर हॅलिगन मला मागे बसवेल, पार न्यू जर्सीत. चल."

पाचवी खुर्ची. वर माइक.

पहिली दहा मिनिटं महापौरांवर गेली. ती दोनदा हसली. तेवढं चालण्यासारखं होतं. मग हॅलिगननं टाय सारखा केला आणि म्हणाला, "आता आपण बोटीनं स्टेटन आयलंडला जाऊ." फिलोमिनानं गळ्यातलं पदक मुठीत धरलं.

पडद्यावर कॉनी आली. आईचा निळा कोट, कोटावर युनियनचा बिल्ला, ताठ मान. कोट काय शोभत होता! "हे जीव निरुपद्रवी आहेत," कॉनी पडद्यावर ठणकावून सांगत होती. "आजवर त्यांनी कुणाच्याही वस्तूला चोच लावलेली नाही." तेवढ्यात तिच्या मागून एक धिप्पाड टर्की सावकाश, सभापतीसारखा चालत आला. त्यानं मान लांब केली आणि तिच्या हातातलं भाषण ओढून घेतलं. कॉनीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"जेरल्ड," ती म्हणाली, "मी बोलते आहे. तुझा नंबर नंतर."

आणि जेरल्ड तो कागद तोंडात धरून, शहाण्यासारखा, खरोखरच तिच्या मागे रांगेत उभा राहिला.

ती आईच होती. हुबेहूब. जेवणाच्या टेबलावर वडील मधे बोलले की आई न बघता असंच म्हणायची, आणि वडील असेच काटा तोंडात धरून थांबायचे. फिलोमिनाच्या पोटात पोतं सुटलं. तिनं ओठ दाबले. श्वास कोंडला.

हॅलिगन म्हणाला, "त्यांच्या पक्षात शिस्तीचा एकच जण उरलाय, आणि तो पक्षी आहे."

दीडशे माणसं फुटली. मांड्या बडवल्या. फिलोमिनानं दुःखाची रहस्यं पहिल्यापासून सुरू केली. पदक तळहातात रुतलं. कान तापले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हसणं ओसरलं. संपलं. कुणीतरी खोकलं. हॅलिगननं पुढचा कागद उचलला, पण तोही थांबला होता, नजर तिसऱ्या रांगेकडे. आख्खी खोली गप्प झाली. सुटले, असं फिलोमिनाला वाटलं, आणि सुटले म्हणून तिनं श्वास सोडला.

त्या श्वासाबरोबर सगळं आलं. आधी शिट्टी, मग गडगडाट, एकही बटाटा न चुकता. सोबतीला दुसरा कुणाचा आवाज नाही, सगळ्या शांततेत एकटं तिचं हसू, माइकच्या बरोबर खाली. शेवटची उचकी झाली तेव्हा लोक पुन्हा हसू लागले होते, पहिल्यापेक्षा दुप्पट. हॅलिगन टेबलावर डोकं टेकून हसत होता. मर्व्ह दोन्ही अंगठे वर करत होता.

"हे काढून टाका," नंतर ती मर्व्हला म्हणाली.

"काढू? मिना, आठ वर्षांत असं झालं नाही! तू हसेपर्यंत त्यानं वाट बघितली!"

"माझी बहीण आहे ती."

मर्व्हचा चेहरा उतरला. तो वरच्या साहेबांशी जाऊन बोलूनही आला. पण फिल्म कधीच वाहिनीकडे गेली होती.

शनिवारी सात वाजता फिलोमिना स्वयंपाकघरात आपला टीव्ही बंद ठेवून बसली. वरचा टीव्ही ऐकू येत होता. महापौर झाले. बोट निघाली. दीडशे माणसं हसली. मग शांतता, आणि मग छतातून तिचंच हसू खाली आलं. ती टाचेची वाट बघत राहिली. एक टाच आली असती तरी चाललं असतं. 'मूर्ख' म्हणजे निदान बोलणं तरी झालं असतं. टाच आली नाही. टीव्ही बंद झाला, दिवा बंद झाला.

रविवारी कॉनी एकटीच पुढे निघून गेली. चर्चमध्ये मात्र बाक तोच होता, पन्नास वर्षांचा. तो सोडायला कुणीच तयार नव्हतं. कॉनी एका टोकाला, फिलोमिना दुसऱ्या, मधे कॉनीची पर्स, एखाद्या चौकीसारखी. पापांची क्षमा मागून झाली. फिलोमिनानं मागितली, पण कुठल्या पापाची ते तिला नीट सांगता येईना. हसले ते, की त्या वेळी आई दिसली ते?

प्रवचनही झालं. मग फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या."

सगळ्या चर्चमध्ये हात पुढे झाले. कॉनीनं आधी पुढच्या बाकाला दिला, मग मागच्या बाकाला दिला. आता एकच हात उरला. देवासमोर तो टाळता येत नाही. कॉनीनं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकली. फिलोमिनाचा हात घट्ट धरला, आणि समोर बघतच कुजबुजली,

"उशीर केलास."

"काय?"

"उशीर. सगळे हसून मोकळे झाले, त्याच्यानंतर तू. जन्मात कधी कुणाच्या मागून हसली नाहीस. सालच्या अंत्यविधीलासुद्धा पहिली होतीस." कॉनीनं हात सोडला नव्हता. "मी मोजलं. अकरा सेकंद."

"धरून ठेवलं होतं गं. खूप धरलं."

"ऐकलं मी." मग म्हणाली, "कोट बरा दिसत होता का?"

"आईसारखी दिसत होतीस."

पुढच्या बाकावरची माणसं गुडघे टेकू लागली होती. फिलोमिनानं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"जेरल्डलाही माझी शांती सांग."

बारीक शिट्टी झाली. मग चर्चच्या छतापर्यंत तो गडगडाट गेला. पुढच्या पाच रांगांनी मागे वळून फिलोमिनाकडे पाहिलं. फादर तर पेल्यावर हात ठेवून, सवयीनं, ती उरकण्याची वाट बघत थांबले. पण फिलोमिनाचे ओठ मिटलेले होते. तोंडावर हातरुमाल दाबून, खांदे गदगदा हलवत, हुबेहूब तसंच, शेवटच्या उचकीपर्यंत हसत होती ती कॉनी. फिलोमिना आ वासून बघत राहिली. म्हणून या खेपेलाही तिला हसायला उशीरच झाला.