खणातला घड्याळजी

माझी बायको प्रेमकथांचे गेम लिहिते. मोठ्या माणसांसाठीचे. पडद्यावर एका माणसाचं चित्र येतं, खाली त्याचं बोलणं येतं, आणि खेळणाऱ्याने दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं. त्यावर पुढची गोष्ट ठरते. कोण कोणाच्या किती जवळ जातं तेही. माझी थोरली बहीण याला 'नसते उद्योग' म्हणते. बायको तिला एकदा म्हणाली, "ताई, कपडे उतरवायला दोन ओळी पुरतात. त्याआधी माणसाने तोंड उघडावं म्हणून दोनशे पानं लिहावी लागतात." ताईने तो विषय पुन्हा काढला नाही.

बायकोची एक पद्धत आहे. प्रत्येक पात्राचं ती एक कार्ड करते. तो काय खातो, कशाबद्दल खोटं बोलतो, भांडण झालं की कुठे जाऊन बसतो. सगळी कार्डं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली; कोणीही यावं, वाचावं. मग वाक्यं मोठ्याने म्हणून बघते. जिभेवर बसलं नाही की खोडते. त्यामुळे बंद दाराआडून "आता जाऊ नकोस ना" असं ऐकू आलं तरी मी दचकत नाही. पहिल्या वर्षी दचकायचो.

पण गेल्या महिन्यात माझ्या मनात पाल चुकचुकली. मी जेवताना ती माझ्याकडे टक लावून बघायची, आणि मी मान वर केली की मीठ मागायची. मनात काय आहे त्याचा ताकास तूर लागू देईना. त्यातच तिच्या टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप दिसलं. नवंकोरं, आणि तेही आमच्या घरात! माझं किल्ल्या करून द्यायचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांची कुलपं उघडून देतोय. कुलूपबंद खणात काय निघतं ते मला कोणी शिकवायला नको. दुसरा कोणीतरी आहे, एवढंच डोक्यात बसलं.

मंगळवारी दुपारी ती बाजारात गेली आणि मी वाकडी तार काढली. मिनिटभरही लागलं नाही, इतकं भिकार कुलूप.

आत एकच कार्ड. 'घड्याळजी. नाव अजून नाही.' म्हटलं, सापडला लेकाचा. पुढे वाचलं. 'रागावला की भांडी घासतो. "बघू" म्हणाला म्हणजे नाही. बायको फोनवर बोलायला लागली की नळ बंद करतो, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवतो.' माझे हात अजून ओलसर होते. सकाळच्या भांडणातली कढई मी नुकतीच घासून ठेवली होती. तळाला लाल शाईत लिहिलेलं: 'चाचणीत शंभरातले तिघेच याला निवडतात. सोमवारपर्यंत जमला नाही तर काढून टाकायचा.'

दुसरा पुरुष निघाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

मी तिच्या कॉम्प्युटरवर तो गेम उघडला. नायिका हॉस्पिटलमधून घरी येते. पोटातलं मूल गेलेलं असतं. घड्याळजी आतल्या खोलीच्या दाराची कडी दुरुस्त करत बसलाय. मान वर करत नाही. खाली दोन उत्तरं: 'त्याच्याशेजारी बस' आणि 'खोलीत जाऊन दार लावून घे'. मी दुसरं दाबलं. मीसुद्धा त्याला निवडलं नाही. सहा वर्षांपूर्वी तिनेही तेच केलं होतं.

संध्याकाळी मी तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होतो. चोराच्या मनात चांदणं.

"उघडलास ना खण?" ती म्हणाली.

"कुठला खण?"

"तीन आठवडे कुलूप लावून ठेवलंय. म्हटलं, बघू, विचारतो की उघडतो."

"म्हणजे मुद्दाम? माझ्यावर प्रयोग?"

"विचारलं नाहीसच तू!" तिचा आवाज चढला. "कधीच विचारत नाहीस आणि सांगतही नाहीस. त्या संध्याकाळी कडी का दुरुस्त करत बसलास? घड्याळजीच्या तोंडात काहीही घातलं तरी खोटं वाटतं मला."

तिच्या हातात पेन्सिल होती. हे बायको विचारतेय की लेखिका, ते मला कळेना.

"आधी पेन्सिल ठेव."

तिने ठेवली.

"ती कडी लागत नव्हती," मी म्हणालो. "आई, ताई, शेजारीपाजारी, सगळे येणार होते. तुला दार लावून रडता यायला हवं, एवढंच सुचलं."

"आणि मी आत गेल्यावर? दोन तास स्क्रू फिरवल्याचा आवाज येत होता."

"कडी दहा मिनिटांत झाली होती. नंतर तोच स्क्रू काढत होतो, तोच लावत होतो. उठून जाववेना आणि दार वाजवायची हिंमत होईना."

ती रडली. या वेळी खोलीत गेली नाही.

सोमवारी गेम तिच्या कंपनीकडे गेला. मला चैन पडेना. पेन्सिल ठेवली होती खरी, पण तिचे कान उघडेच होते ना! ती आंघोळीला गेल्यावर मी पुन्हा गेम उघडला आणि माझा स्क्रू शोधू लागलो. स्क्रू नव्हता. घड्याळजीही नव्हता, आणि ती संध्याकाळही नव्हती.

"काढून टाकलास?" ती बाहेर आल्याबरोबर मी विचारलं. माझा आवाज मलाच रडका वाटला. "एवढं सांगूनही?"

"सांगितलंस म्हणून," ती केस पुसत म्हणाली. "ते लिहिलं असतं तर शंभरातल्या नव्वदांनी त्यालाच निवडलं असतं. मला नाही द्यायचा तो कोणाला."

खालच्या खणाला कुलूप तसंच होतं. माझा हात खिशातल्या तारेकडे गेला. तो मी बाहेर काढला, रिकामाच, आणि तिला विचारलं, "खणात काय आहे?"