भात्यातला सुस्कारा

लेस्टरमधल्या शैला जोगांच्या वरच्या खोलीत हेल्मी राहायला आली ती २००४च्या सप्टेंबरात. फिनलंडची पोर. नाव युनिव्हर्सिटीत, जीव मात्र सगळा गाण्यात. शैलाकाकू हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स म्हणून राबून नुकत्याच रिटायर झालेल्या. नवरा, रघुवीर, जाऊन चार वर्षं झालेली, आणि त्यांची पेटी पुढच्या खोलीत चादरीखाली गुडूप.

"हात लावू?" हेल्मीनं विचारलं. आता एवढ्या आर्जवानं विचारल्यावर नाही कसं म्हणणार?

पेटीचा भाता एका कोपऱ्यात उसवलेला. हवा निसटायची, आणि प्रत्येक सुरामागून एक सुस्कारा यायचा. रघुवीर हसून म्हणायचे, "तू गुणगुण गं, म्हणजे हिची धाप झाकते." मग काकू भाजी चिरता चिरता खालचा सा धरायच्या. ते गेले आणि काकूंचं तोंड मिटलं ते मिटलंच.

हेल्मीला मात्र तो सुस्काराच आवडला. "काकू, आमच्याकडे तळं गोठायला लागलं की अस्साच श्वास सोडतं," ती म्हणाली. खिडकीबाहेर धुकं, आत त्या पोरीचे कसले कसले परके शब्द, आणि काकूंना वाटायचं, आपणही त्या पांढऱ्या तळ्यावरून अनवाणी चाललोय. पाय जराही गार पडत नाहीत.

त्या सुस्काऱ्यावर हेल्मीनं एक गाणं रचलं आणि पेटी घेऊन पबांमधून गायला लागली. पहिल्या पबात अकरा माणसं होती, त्यातल्या एक काकू. वर्षभरात दोनशे झाली. पेपरात तीन ओळी आल्या. मग लंडनच्या एका कंपनीनं बोलावलं: सोमवारी या, ते पेटीचं गाणं रेकॉर्ड करू.

काकूंचा आनंद पोटात मावेना. एवढ्या मोठ्या स्टुडिओत फाटकी पेटी न्यायची? छे! लोक काय म्हणतील! शनिवारी हेल्मी बाहेर पडताच त्यांनी पेटी टॅक्सीत घातली, बेलग्रेव्ह रोडला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या पटेलकाकांकडून भात्याला नवं चामडं लावून घेतलं आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं.

संध्याकाळी हेल्मीनं पेटी उघडली. सूर स्वच्छ, धुतल्यासारखा. तिचा चेहरा उतरला. "छान झालीय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "गाणं त्या श्वासावर उभं होतं, काकू."

"अगं बाई! करायला गेले गणपती आणि झाला मारुती!" काकूंनी सुरी उचलली. "पुन्हा फाडते!"

"नको. तसं नाही यायचं." हेल्मीनं सुरी काढून घेतली, आणि नुसतंच बसवेना म्हणून ते गाणं वाजवायला घेतलं. कोरडं वाजत होतं. काकूंना ते ऐकवेना. नकळत त्यांचे ओठ उघडले. खालचा सा. म्हातारा, मधेच तुटणारा, दम लागलेला.

हेल्मीचे हात थबकले. "थांबू नका," ती कुजबुजली.

सोमवारी लंडनच्या गाडीत दोघी बसल्या, मधे पेटी.

मार्चमध्ये एका दुपारी काकू मेथी निवडत होत्या आणि रेडिओवर ते गाणं लागलं. पांढरं तळं, परके शब्द, आणि खाली कुणीतरी श्वास टाकत होतं. निवेदकानं हेल्मीचं नाव घेतलं, मग अडखळत शैला जोगांचं.

काकूंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत का? इतकी वर्षं पेटीची धाप झाकायला गात होते. आता माझीच धाप सगळीकडे ऐकू येतेय हो!"

त्या पोटभर रडल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि सा धरला.