न शेकलेला नगारा

बरात नगारचीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. जमेल की नाही, ठाऊक नाही.

आमची घरं एकाच गल्लीत, बाला हिसार किल्ल्याच्या उतारावर. किल्ल्याच्या दरवाजावर सूर्य मावळताना नगारा वाजवायचं काम त्याच्या घराण्याकडे होतं. नगारा वाजला म्हणजे गादीवर राजा आहे, असं काबूल समजायचं.

त्या वर्षी फिरंग्यांनी आमचा छतबाजार जाळला आणि माघारी जाताना एका पोरसवदा शाहजाद्याला गादीवर ठेवून गेले. लोकांना त्याच्या तोंडावर थुंकता येत नव्हतं, म्हणून ते बरातच्या वाटेवर थुंकायचे. तंदूरवाला नानबाई त्याला निवडून करपलेली रोटी द्यायचा.

बरातच्या मुलीची, जरमीनाची, सोयरीक ताजमीर तांबटाच्या मुलाशी ठरली होती. बाजारात ताजमीरचं दुकान जळालं, त्यात भाऊही गेला. एका सकाळी तो गल्लीत उभा राहून ओरडला, "बरात! आज त्या फिरंग्यांच्या बाहुल्यासाठी नगारा वाजला, तर तुझी पोर तुझ्याच घरी म्हातारी होईल!"

"नाही वाजवला तर मुंडकं जाईल, लाला."

"जाऊ दे की. तसंही त्यात काय आहे?"

गल्ली हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

नगाऱ्याचं कातडं वाजवण्याआधी शेगडीवर शेकावं लागतं, तेव्हा ते ताणलं जातं. त्या संध्याकाळी बरातने ते शेकलं नाही, उलट वर ओलं फडकं फिरवलं. गोधडीवर काठी मारावी तसा आवाज निघाला. किल्ल्याच्या कारभाऱ्याने त्याच्या मुस्कटात मारली.

"पंधरा दिवस पाऊस नाही. कातडं भिजलं कसं?"

"बाजार जळत होता तेव्हा सगळं काबूल पाणी मारत होतं, हुजूर. उडालं असेल थोडं."

कारभाऱ्याच्या शिपायांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं दरवाजात चिरडली.

हाताला चिंध्या गुंडाळून तो सरळ ताजमीरकडे गेला. मी सोबत होतो.

"लाला, आज नगारा कुणालाच ऐकू गेला नाही."

"मला गेला. गच्चीवर कान लावून बसलो होतो."

"माझा हात तरी बघ."

"तू माझ्या भावाचं प्रेत बघितलंस?"

सोयरीक पक्की झाल्याची मिठाई बरातने ज्या ताटातून पाठवली होती, ते ताट ताजमीरने दुसऱ्या दिवशी रिकामं परत धाडलं, म्हणजे सोयरीक मोडली.

अडीच महिन्यांत राजा पळाला. मग ताजमीर स्वतः सोयरीक पुन्हा जोडायला साखरेचे बदाम घेऊन बरातच्या दारात आला. "झालं गेलं सोड, बरात. आता भांडण उरलंच कुठे?"

पडद्यामागून जरमीना म्हणाली, "काका, बाबांना घास उचलता येत नाही. मी भरवते. मी तुमच्या घरी आले, तर रोज भरवायला तुम्ही येणार?"

तिने दार लावून घेतलं.