मेहरुनभाभींचा चौक

पुण्याच्या कसबा पेठेतल्या आमच्या चौकात कुणाचाही टीव्ही बंद पडला की हाक जायची ती मेहरुनभाभींना. केबलचा धंदा मूळचा त्यांच्या नवऱ्याचा, युसूफभाईंचा. एका पत्र्यावरून घसरून युसूफभाईंची कंबर कामातून गेली आणि त्यांचं गच्च्यांवर चढणं संपलं. तेव्हा एके सकाळी भाभींनी पदर खोचला, पक्कड घेतली आणि शिडी लावली. पेठेत दोन दिवस कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी कुजबुजणाऱ्यांच्याच टीव्हीवर मुंग्या आल्या आणि कुजबुज थांबली.

मी सहकारी बँकेत हिशेबाच्या खात्यात आहे आणि राहतो त्याच चौकात, त्यांच्या समोर. त्यामुळे पुढचं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे, उरलेलं युसूफभाईंनी सांगितलेलं.

गोष्ट साधारण दोन हजार चार सालची, म्हणजे सेट टॉप बॉक्स यायच्या आधीची. शहरातली एक मोठी कंपनी सगळी चॅनेलं एका तारेतून भाभींच्या खोलीपर्यंत पोचवायची आणि तिथून भाभी ती तीनेकशे घरांत द्यायच्या. शिवाय एक चॅनेल केबलवाल्याला स्वतःचं चालवता यायचं. भाभी त्यावर जुने सिनेमे लावत.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आनंदीबाई एकट्या राहत. निवृत्त मुख्याध्यापिका. गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, आणि खोली अशी मागच्या अंगाला की खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसे. वर्ष-वर्ष त्या खाली उतरत नसत. जग म्हणजे टीव्ही. एकदा भाभी त्यांची वायर बदलायला गेल्या तेव्हा मराठी बातम्या चालू होत्या.

"मेहरुन, ऐक," आनंदीबाई म्हणाल्या. "समुद्राला भरती किती वाजता, ते हे रोज न चुकता सांगतात. आमच्या नळाला पाणी किती वाजता, ते कोण सांगणार? का मी समुद्रावर जाऊन भांडी घासू?"

भाभींनी वायर जोडून दिली. घरी आल्या आणि माळ्यावरून युसूफभाईंचा लग्नांचं शूटिंग करायचा कॅमेरा खाली उतरवला. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खिडकीत, चौकाकडे तोंड करून तो पक्का बसवला आणि सकाळी सात ते बारा सिनेमाऐवजी त्याचं चित्र सोडून दिलं. निवेदक नाही, संगीत नाही. समोर जे असेल ते दिसायचं, तांबट आळीतली ठोकठोक ऐकू यायची. काही सांगायचं असलं तर शाळेतल्या पाटीवर खडूनं लिहून पाटी कॅमेऱ्यापुढे टांगायची. 'पाणी आज साडेनऊला, कमी दाबाने.' 'दत्तोबा शिंपी गावाला गेले आहेत, कपडे सोमवारी.'

आम्ही हसलो. मीही हसलो. चौक बघायला टीव्ही कशाला लावायचा? पण महिन्याभरात चौकाचं वागणं बदललं. भाजीवाला सोनबा गाडी कॅमेऱ्यासमोर तिरकी लावून मेथीची जुडी वर धरू लागला, कारण वरच्या मजल्यावरून "ती नको, डावीकडची!" असे निरोप येऊ लागले होते. लोक चौकात पाऊल टाकण्याआधी केसांवरून हात फिरवू लागले. आमच्या शेजारचे अनंतराव, चौकातल्या सर्वांत मोठ्या इमारतीचे सेक्रेटरी, डॉक्टरांनी बंद केलेली सिगरेट कोपऱ्यावर ओढताना त्यांच्या बायकोला घरबसल्या दिसले. त्या दिवसापासून ते भाभींवर राग धरून होते.

आणि ज्यांना उतरता येत नव्हतं, अशी माणसं पेठेत किती आहेत, ते तेव्हा कळलं. चित्र पाच मिनिटं गेलं तरी युसूफभाईंचा फोन वाजत राही.

मग एक दिवस कंपनीचे जयसिंगराव आले. या भागाचे अधिकारी. त्यांनी चहा घेतला, आणि मुद्द्यावर आले. कंपनी स्वतःचं 'खास पुणेकरांसाठी' चॅनेल काढणार होती. जाहिराती ठरल्या होत्या. त्यासाठी सर्व केबलवाल्यांनी आपापली चॅनेलं बंद करून ती जागा कंपनीला द्यायची होती.

"आणि भाभी, तुमच्या या चॅनेलवर बघण्यासारखं आहे तरी काय? गाढवसुद्धा नाचत नाही."

"तुमच्याकडे नाचतात ना? मग झालं."

जयसिंगराव हसले आणि नमुन्याची सीडी लावली. एक मुलगी हातवारे करत सांगत होती की कोथरूडमध्ये वाहतुकीची कोंडी झाली आहे. मागे रिक्षांची रांग होती.

"जयसिंगराव," भाभी म्हणाल्या, "कोथरूडच्या रिक्षांवर मुंबईचे नंबर कधीपासून आले?"

"तो स्टुडिओ मुंबईला आहे. हाताशी असेल ते चित्र लावतात. लोकांना कुठे कळतं?"

"हेच. लोकांना कळत नाही असं धरून तुम्ही चॅनेल काढताय. मी माझं बंद करणार नाही."

जयसिंगरावांनी कप खाली ठेवला. "आठ दिवस देतो. नाहीतर आमची तार काढून घेऊ. मग दाखवा लोकांना नुसता चौक. किती दिवस थांबतात बघू."

ते गेल्यावर युसूफभाई म्हणाले, "अगं, देऊन टाक की. चौक काय पळून जातोय? तीनशे घरं गेली तर खायचं काय, मेथी?"

"घरं जातील ती जातील."

"हे तू म्हणतेस. बंद पडल्यावर शिव्या फोनवर मला बसतात."

"मग फोन मी घेते. तुम्ही चढा गच्चीवर."

युसूफभाईंनी कंबरेवर हात ठेवला आणि विषय संपला.

आठवा दिवस क्रिकेटच्या सामन्याचा निघाला, परदेशातला, आपल्याकडे सकाळीच संपणारा. जयसिंगरावांनी तो मुद्दाम निवडला असावा असा मला दाट संशय आहे. शेवटची दहा षटकं राहिली असताना सगळी चॅनेलं गेली. उरलं फक्त भाभींचं, कारण ते त्यांच्याच खोलीतून निघत होतं. चौकात एक कुत्रं झोपलेलं दिसत होतं. मग माणसंच माणसं दिसू लागली, कारण सगळे भाभींच्या दाराशी आले. सर्वांत पुढे अनंतराव.

"मेहरुनबाई, हा काय प्रकार आहे? सामना बुडाला आमचा!"

भाभींनी खडू शोधला. पाटी घेतली, लिहिली आणि कॅमेऱ्यापुढे टांगली. 'कंपनीने तार काढली. कारण मी चौक बंद केला नाही. बंद करणारही नाही. ज्यांना कंपनीकडे जायचे त्यांनी जावे, राग नाही.' मग खिडकीतून खाली बघून म्हणाल्या, "जे सांगायचं ते लिहिलंय. घरी जाऊन वाचा."

अनंतराव तिथल्या तिथे म्हणाले की उद्याच आपल्या इमारतीसाठी कंपनीची जोडणी घेणार. त्यांना अडवण्यासारखं भाभींकडे काही नव्हतं. आमच्या पेठेत तारा गच्च्यांवरून जातात, आणि अनंतरावांची गच्ची मधोमध. तिथून कंपनीची तार गेली की दोन्ही बाजूंची घरं आपोआप कंपनीची झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. तारांची रिळं, पाच-सहा मुलं, आणि जयसिंगराव. हे सगळं घराघरांत दिसत होतं, कारण दुसरं बघायला काही नव्हतंच. अनंतरावांची इमारत खात्रीची म्हणून शेवटी ठेवून मुलं पहिल्या इमारतीत शिरली आणि आनंदीबाईंनी फोन उचलला. शाळा चालवलेली बाई. सगळ्यांचे नंबर तोंडपाठ.

"तुमच्याकडे येतायत. गच्चीला कुलूप घाला. विचारू नका, घाला."

पहिल्या इमारतीत कुलूप. मुलं खाली आली, दुसरीकडे वळली. ती तिथे पोचेपर्यंत तिथेही कुलूप. तिसरीत तर एका आजोबांनी जिन्यातच खुर्ची टाकली होती, म्हणाले, "ऊन खातोय." जिन्यात ऊन कुठून येणार, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. आपण कुठे वळतो ते या लोकांना आधी कसं कळतं, याचा जयसिंगरावांना उलगडा होईना. ते चौकाच्या मधोमध उभे राहिले आणि मोबाइलवर साहेबांना सांगू लागले, "सर, सगळी म्हातारी माणसं आहेत हो. फार त्रासदायक. पण एक मोठी इमारत आपल्याकडे आहे, तिथून उरकतो." हे शब्द तीनशे घरांत स्पष्ट ऐकू गेले.

अनंतराव गच्चीची किल्ली हातात घेऊन दारात उभेच होते. जयसिंगराव त्यांच्याकडे गेले. मी माझ्या खिडकीत होतो. खाली अनंतराव दिसत होते आणि मागे टीव्हीवरही तेच दिसत होते.

"काका, तुम्ही समजूतदार आहात म्हणून सांगतो. तुमच्या इमारतीला तीन महिने फुकट."

"काय?"

"फुकट. बाकीच्यांना सांगू नका."

अनंतरावांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मी मागितलं होतं?"

"नाही, पण..."

"मग? फुकट घेणारा वाटलो का मी तुम्हाला? आणि मघाशी म्हातारी म्हणालात ते कोणाला? माझं वय किती आहे माहीत आहे?"

"काका, किल्ली..."

"किल्ली आहे. ही बघा. देणार नाही." आणि ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. मग मान वर करून भाभींच्या खिडकीकडे ओरडले, "तुमचं-माझं नंतर बघू हो! सामना बुडवलात तो बुडवलातच!"

"बरं!" वरून भाभींचा आवाज आला.

टेम्पो परत गेला. पण कंपनीनेही तार परत दिली नाही. जवळजवळ तीन आठवडे पेठेत टीव्ही म्हणजे चौक. चाळीसेक घरं भाभींना सोडून गेली, पुढच्या गल्लीतल्या केबलवाल्याकडून तार घेऊन. त्यांना कुणी बोललं नाही. भाभींनी स्वतः त्यांच्या गच्चीवर जाऊन जुन्या तारा गुंडाळून आणल्या. उरलेले थांबले. कुरकुरत, टोमणे मारत, पण थांबले. प्रादेशिक वाहिन्यांनी प्रेक्षकांची सेवा कशी करावी यावर परिसंवाद होतात, मी एक-दोन ऐकले आहेत. तिथे प्रेक्षकांना काय हवं ते सगळे सांगतात. प्रेक्षक कशासाठी तीन आठवडे थांबतील, हे तिथे कुणी बोललेलं मला आठवत नाही.

शेवटी शहरातली दुसरी एक कंपनी तार द्यायला तयार झाली. तिचा तरुण अधिकारी पांढऱ्या शुभ्र शर्टात आला. कागद काढण्याआधी भाभी म्हणाल्या, "चौक राहणार. हे मान्य असेल तर बसा, नाहीतर चहा टाकत नाही."

तो बसला. नंतर भाभींबरोबर खाली चौकात उभं राहून त्यानं वरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मॅडम, रागावू नका, पण हे लोक बघतात कशाला? आणि कोण बघतं?"

तेवढ्यात युसूफभाई फोन कानाला लावून खिडकीत आले. "अगं, आनंदीबाईंचा फोन आहे. म्हणतायत, त्या पांढऱ्या शर्टाला बाजूला व्हायला सांगा. आडवा आलाय."

तो बाजूला झाला. भाभी तोवर नवी तार जोडायला शिडीवर चढल्या होत्या.