फालमताच्या तळ्याचं कुलूप

बायकांच्या तळ्याला पुरुषाने कुलूप लावलं, आणि तेही म्हणे बायकांच्याच भल्यासाठी. यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, हे फालमताला शेवटपर्यंत कळलं नाही.

तळं वाळूच्या दोन टेकड्यांमध्ये. चाड सरोवराच्या काठाला अशी तळी आणखीही आहेत, पण आमच्या गावाला दिहे, म्हणजे खायचं शेवाळ, मिळतं ते इथलंच. वारा पडला की पाण्यावर दिह्याची हिरवी साय धरते. बायका ओळीने कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, भोपळ्याच्या वाडग्यांनी साय गोळा करतात आणि वाळूवर ओतून तिच्या जाड भाकऱ्या वाळवतात. बाजरीच्या गोळ्याबरोबरचं कालवण तिचंच, आणि घरात तेल-साखर येते तीही तिच्याच जिवावर. या पाण्यात पुरुषाने पाय घातला की तळं वांझ होतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं तेही ठरलेलं. आधी फालमताची सासू टाकायची, ती गेल्यावर फालमता.

आता प्रकल्पाचं सांगायला हवं, कारण डोक्याला ताप तिथूनच सुरू झाला. दरवर्षी पावसाळा सरला की पांढरी गाडी यायची आणि तिच्यातून मादाम सोलांज उतरायच्या. राजधानीतल्या बाई, मनाने चांगल्या, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नसे. एका वर्षी त्यांनी हात कसे धुवायचे ते शिकवलं. पुढच्या वर्षी नेतृत्व शिकवलं, म्हणजे सगळ्या बायकांना गोल बसवून एकमेकींकडे चेंडू टाकायला लावला. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी सरळ विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

"कुंपण," फालमता म्हणाली. "गुरं शिरतात आणि पाणी गढूळ करतात. दाराला दोरी बांधली तरी चालेल."

कुंपण आलं. पण दोरीच्या जागी लोखंडी फाटक आलं, त्याला हे एवढं कुलूप आलं, आणि कुलपाच्या मागोमाग नियम आला. किल्ली गटाच्या अध्यक्षाकडे राहील आणि अध्यक्षाकडे ओळखपत्र हवं. गावात एकाही बाईकडे ओळखपत्र नव्हतं. ते काढायला तालुक्याला जावं लागतं, आणि तिथला कारकून पहिलं काय विचारतो तर नवरा कुठाय. मग बायकांच्या गटाचा अध्यक्ष झाला अब्बाकर, फालमताचा धाकटा दीर. "तात्पुरतं हं," मादाम सोलांज म्हणाल्या. आमच्या चौकीचं छप्परसुद्धा तात्पुरतं म्हणूनच घातलं होतं. ते गळताना बघत एक पिढी म्हातारी झाली.

फाटकावर पाटी लागली, 'आमचे हात, आमचे हक्क'. वाचता येत होतं फक्त अब्बाकरला, आणि तो ती येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचा.

त्याच वर्षी फालमताचा नवरा अदम तापाने गेला. पुरुषांच्या बैठकीने गुरं अब्बाकरकडे दिली. त्यात एक कालवड होती, फुगीर शिंगांची, पांढऱ्या तोंडाची. तिची आई वीत असतानाच मेली, म्हणून फालमताने तिला स्वतःच्या बोटावर दूध चोखायला शिकवून जगवलं होतं. तीही अब्बाकरकडे गेली. विधवेने घरात काढायचे इद्दतचे दिवस संपल्यावर अब्बाकर साखरेची ढेप घेऊन दारात आला.

"वहिनी, रीत तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "भावाची बायको बाहेर जात नाही. घर एकच आहे."

"एकच आहे म्हणून तर तुमचं घोरणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं, भावजी," फालमता म्हणाली. "तेवढं पुरे आहे मला. साखर तुमच्या दोघी बायकांना द्या."

दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. अब्बाकरने गावात सांगितलं की तळ्याला विश्रांती हवी आहे. फालमताला मात्र सांगितलं ते खरं सांगितलं, की तुम्ही माझ्या घरात याल त्या दिवशी फाटक उघडेल.

भांडण दोघांचं आणि उपाशी सगळं गाव, अशी तऱ्हा. फालमता गावाच्या म्होरक्याकडे, बुलामा म्बोदूंकडे गेली. त्यांनी चहाचे सगळे पेले संपेपर्यंत मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, "पोरी, कुलूप प्रकल्पाचं आहे. मी काय करणार?" मादाम सोलांजना फोन लावला, तर त्या म्हणाल्या की हा घरगुती मामला दिसतो, पुढच्या भेटीत यावर चर्चासत्र घेऊ. फालमताने फोन ठेवला आणि हातातली पाण्याची घागर इतकी जोरात आदळली की तिला तडा गेला. मग त्या घागरीचाही राग आला.

पण खरा वैताग बायकांचा. शेजारची केल्लू, लहानपणापासूनची मैत्रीण, रोज कुंपणावरून डोकं काढायची.

"अगं, कर की लग्न. माणूस काही वाईट नाही. दात सगळे आहेत त्याला."

"मग तूच कर."

"मला नवरा आहे."

"तो सोड, आणि हा घे."

"तुला चेष्टा सुचतेय," केल्लू म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "साय इतकी दाट झालीय की पाणी दिसत नाही. वारा सुटला तर सगळी तळाला जाईल. माझ्या घरात काल नुसता गोळा खाल्ला पोरांनी, मिठाच्या पाण्यात बुडवून. तुझ्या एका 'नाही'पायी किती दिवस असं करायचं आम्ही?"

सगळ्यात संताप याचाच आला तिला, की केल्लूचंही बरोबर होतं. त्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपुढे बसून स्वतःशीच म्हणाली की उद्या जाऊन हो म्हणून टाकावं, मिटवून टाकावं एकदाचं. आणि ती खरंच म्हणाली असती.

सकाळी ओरडा ऐकू आला तो तळ्याकडून. टेकडीच्या बाजूला वाऱ्याने वाळू सरकली होती, तार लोंबत होती, आणि तिथून अब्बाकरची ती पांढऱ्या तोंडाची कालवड आत शिरली होती. आमची गुरं सरोवरात मजेत पोहतात, पण या तळ्याचा गाळ वेगळा. कालवड मध्यावर पोटापर्यंत रुतली होती आणि जितकी धडपडत होती तितकी खाली जात होती.

लोंबत्या तारेखालून शिरून काठावर सगळे पुरुष जमले. अब्बाकरने दोर फेकला, तो पाण्यात पडला. पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात. कोणी तरी शिंगांना अडकवायला हवा होता, आणि पाण्याच्या कडेपासून हातभर अंतरावर सगळे थांबलेले. अब्बाकरने एकदा पाय उचलला. बुलामा नुसते खाकरले. त्याने पाय मागे घेतला.

मग तो फाटकाकडे धावला. बाहेर बायका वाडगी घेऊन उभ्या होत्या, सगळ्यांच्या पुढे फालमता.

"वहिनी, मरेल ती. चला ना."

"कुलूप आहे भावजी."

"तिकडे तार लोंबलीय, तिकडून या."

"गुरासारखं तारेखालून शिरणार नाही आम्ही. आम्ही दारातून जातो."

त्याने कुलूप काढलं आणि फाटक उघडलं. कुणीच हललं नाही. केल्लूने एक पाऊल टाकलं होतं, तिने ते फालमताकडे बघून परत घेतलं. आतून कालवड हंबरली, आणि तो आवाज फालमताला ओळखीचा होता. या मुक्या जनावराचा काय दोष, असं मनात आलं, आणि आपण इतक्या कोडग्या कधी झालो याचाही राग आला. तरी तिने हात पुढे केला.

"कुलूप. किल्लीसकट."

अब्बाकरने बुलामांकडे बघितलं. बुलामा आभाळाकडे बघत होते, तिथे काही तरी महत्त्वाचं चाललं असावं. शेवटी त्याने दोन्ही तिच्या हातावर ठेवलं.

फालमता पाण्यात उतरली, बाकीच्या तिच्या मागे. खारं पाणी टाचेच्या भेगांना झोंबलं. ती कालवडीच्या तोंडाशी गेली, तिच्या तोंडात बोटं दिली, तशी ती धडपडायची थांबली. दोघींनी शिंगांना दोर बांधला, इतरांनी पोटाखालचा गाळ हातांनी उपसला, काठावरून पुरुषांनी ओढलं. कालवड बाहेर आली, हिरवीगार, नाक फुरफुरत.

"आता आणा इकडे ती किल्ली," काठावरून अब्बाकर म्हणाला. जनावर वाचल्याबरोबर त्याचा आवाजही वाचला होता. "अध्यक्ष मी आहे. उद्या प्रकल्पवाले विचारतील, तळं कुणाच्या ताब्यात आहे, तर काय सांगू?"

फालमताने किल्ली कुलपात अडकवली आणि दोन्ही तळ्याच्या मध्यावर, जिथे कालवड रुतली होती तिथे टाकून दिलं. बुडबुडासुद्धा आला नाही.

"जो जाऊन ते काढेल, त्याच्या ताब्यात," ती म्हणाली. "सांगा तसं."

पहिली केल्लू हसली, मग सगळ्याच. बुलामांनी तोंडावरून पागोट्याचं टोक ओढून घेतलं. फाटकाला त्याच दिवशी दोरी बांधली गेली, फालमताने आधी मागितली होती तशीच.

दिहे गोळा करून झालं. बायका एकेक करून बाहेर पडल्या आणि वाळूवर भाकऱ्या ओतू लागल्या. टेकडीवरून अब्बाकर कालवडीला घेऊन चालला होता. ती पुन्हापुन्हा वळून तळ्याकडे बघत होती आणि तो तिला फोक मारून पुढे ढकलत होता. बाहेर कोरड्या जमिनीवर गुरं त्याची, अदमची शेतं त्याची, बैठक त्याच्यासारख्यांची, आणि उद्या तो साखरेची ढेप घेऊन पुन्हा येणार हेही तिला माहीत होतं. तिचा हक्क होता तो कमरेएवढ्या पाण्यापुरता.

"अगं, ये की बाहेर," केल्लू ओरडली. "पाय सोलवटून निघतील तुझे."

"थांब गं," फालमता म्हणाली. "जरा उभी राहू दे मला इथे."