रेतीवरची वाट कोणी बाहेर पाठवली?

बायांनो, ब्रह्मपुरीहून जीपनं यायचं, पुलाआधी उतरायचं आणि धानाच्या बांधानं वैनगंगेच्या रेतीवर पोचायचं, ही वाट मीच या ग्रुपवर लिहिली होती. कार्तिकस्नानाला बायांना आडोसा मिळावा म्हणून.

आज पहाटे मी आणि जाऊबाई ओल्या लुगड्यानं दिवा सोडत होतो, तर मागे चार माणसं मोबाईल धरून उभी.

"इथी काऊन आले?" जाऊबाईनं विचारलं.

"काकू, आमच्या ग्रुपवर वाट आली. शांत जागा आहे म्हणे."

त्यातल्या एकानं दाखवलेला मजकूर माझाच होता. फक्त "बायांसाठी" एवढा शब्द काढलेला.

आम्ही तशाच ओल्या अंगानं घरी आलो. जाऊबाईनं उरलेलं व्रत सोडलं.

या ग्रुपात आपण बायाच आहोत. जिनं हे पाठवलं, तिनं आजच इथं लिहावं, की उद्या आम्ही बाकीच्यांनी आंघोळ कुठी करायची.