पायांची आग थांबली तेव्हा

देशाचा बाजार खुला झाला तशी आमच्या काचीगुड्याच्या मेडिकलवाल्यांकडे रोज काहीतरी नवीन येऊ लागलं. त्यातलीच ती अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल. बाबांचा मधुमेह जुना, आणि तळपायांची अशी आग व्हायची की चादरीचा स्पर्शही सहन व्हायचा नाही. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, "साखरेने नसांना गंज चढतो. ह्या कॅप्सूलने तो थोडा रोखता येतो. पण आग थांबली की लगेच पाय दाखवायला या. नस सुधारली तरी आग थांबते, आणि मेली तरी थांबते."

पहिलं तेवढं बाबांनी ऐकलं, पुढचं सोयीस्कर विसरले.

आग थांबली. आईने मारुतीला नारळ फोडला, शेजारीपाजारी पेढे वाटले. मी मात्र डॉक्टरांचं पुढचं बोलणं विसरले नव्हते. "बाबा, चला ना दवाखान्यात," असा मी रोज घोशा लावायचे. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, ऐकतोय कशाला! "नक्को गं! बरं झालेलं दुखणं दाखवायला कोण जातं?" मी चिडून ताट आपटायचे, आई म्हणायची, "तुझ्या जिभेला काही हाड?"

एका दुपारी शाळेतून शिकवून परत आले. आई गौलीगुड्याला बाजारात गेली होती. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले, पाय मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात. हा शेक आमच्याकडे पिढीजात. पाणी बेताचं गरम आहे का, हे हाताने बघायचं नाही, पायाचा अंगठा बुडवून ठरवायचं, हीसुद्धा घरचीच रीत.

घमेल्यातून वाफा येत होत्या.

"पाणी कोणी काढलं?"

"मीच. अंगठा घालून बघितलं की. कोमट आहे."

मी हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. बोटं लालबुंद झाली होती. "अहो, पाय काढा! आधी पाय काढा बाहेर!" मी रडत ओरडत होते, घमेलं ओढत होते.

बाबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं, पायांकडे नाही. "अगं, भाजलं का तुला? थांब, थांब, तूप आणतो." आणि ते उठून स्वयंपाकघराकडे भराभरा चालू लागले. तळव्यांची कातडी सुटून मागे फरशीला चिकटत होती, आणि त्यांना कळत नव्हतं.